माझ्या फ्लेक्सची निगा

एका गुरुवारी सकाळी ऑफिसला निघाले तर आमच्या बिल्डिंगच्या गेटवर मी टांगलेली होते.

म्हणजे माझा फ्लेक्स. लालबागच्या आमच्या गल्लीत फ्लेक्स लागणं ही काही मोठी गोष्ट नाही. वाढदिवस, दहावीचा निकाल, मंडळाच्या खजिनदाराची निवड, कुणाची तरी नवी बाइक, सगळ्याचे फ्लेक्स लागतात. पण ते बाहेर राहणाऱ्या लोकांचे असतात. बाहेर म्हणजे घराबाहेर, नाक्यावर, मंडळाच्या ऑफिसात. मी घरात राहणाऱ्यांपैकी. आजवर गल्लीत माझं नाव मोठ्याने घेतलं असेल तर ते फक्त कुरिअरवाल्याने.

वर सोनेरी अक्षरांत ‘आपल्या विभागाची शान’. खाली लाल अक्षरांत ‘कंपनीच्या मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. फोटो चुलतबहिणीच्या लग्नातला. त्यात तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. डिझाइन करणाऱ्याने बहीण कापली, पण हात राहून गेला. मेंदीने भरलेला, हिरव्या चुड्यातला एक हात माझ्या खांद्यावर आणि त्याच्यामागे कुणीच नाही. तळाशी शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. त्यात तळमजल्यावरचे आजोबा होते, ज्यांना वारून वर्ष झालं. मंडळाकडे शुभेच्छुकांची रांग तयारच असते, तीच प्रत्येक फ्लेक्सखाली लावतात. रांगेतून आजोबांना काढायचा धीर कुणालाच झाला नसावा. त्यामुळे तेही माझं अभिनंदन करत होते.

यात मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. मी मॅनेजर झालेच नव्हते.

माझं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आहे. आमची कंपनी शाळेच्या मुलांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ बनवते आणि ते बाहेर जाण्याआधी मी त्यातल्या चुका शोधते. बेडकाच्या हृदयाला एक कप्पा जास्त काढलेला, चंद्राची कोर उलटी, असलं काहीतरी. चुका शोधण्यात माझा हात धरणारं ऑफिसात कुणी नाही. मी तो सराव घरी स्वतःवर करते.

आदल्या आठवड्यात आमच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, आपल्या टीमची लीड होशील का? त्या रजेवर जाणार होत्या. “घाई नाही. मी रजेवरून परत आले की सांग,” म्हणाल्या. मी मान हलवली आणि बाहेर येईपर्यंत नाही म्हणायचं ठरवूनही टाकलं. लीड झालं की मीटिंगमध्ये बोलावं लागतं. मीटिंगमध्ये माझं वाक्य अर्ध्यावर आलं की दुसऱ्या कुणाचं तरी वाक्य मागून येतं आणि मी ॲम्ब्युलन्सला द्यावी तशी त्याला वाट करून देते. मग माझं वाक्य कडेलाच उभं राहतं.

पण मला ते पद हवं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. हवं होतं म्हणूनच नाही म्हणायचं होतं. हो म्हणून ते नीट जमलं नाही तर सगळ्यांना दिसलं असतं. नाही म्हटलं तर फक्त मला कळणार होतं.

जेवताना मी घरी एवढंच म्हणाले, “मला टीम लीड करायचं म्हणतायत. मी अजून काही सांगितलं नाहीये.” पप्पा “बरं” म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांना मंडळाचे सेक्रेटरी काका भेटले. आमच्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत पोचताना टीम लीडचा मॅनेजर झाला आणि ‘विचारलंय’चं ‘निवड झाली’ झालं.

“पप्पा, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?”

“काय सांगणार? पोरगी मोठी साहेब होतेय, एवढंच बोललो.”

“होतेय म्हणजे झाली नाही ना अजून!”

“अगं, लिफ्टमध्ये किती वेळ असतो माणसाकडे?”

आई फ्लेक्सवर खूश होती. तिचं एकच म्हणणं होतं की केस बांधलेला फोटो द्यायला हवा होता.

इथे ऑफिसमधल्या एका प्रकाराबद्दल सांगायला हवं. त्याच महिन्यात आमच्याकडे एक बाई मनःस्वास्थ्यावर बोलायला आल्या होत्या. विषय होता, स्वतःशी प्रेमाने वागा. त्यांनी कॉन्फरन्स रूममध्ये सगळ्यांना डोळे मिटून स्वतःला मिठी मारायला लावली. एसी जोरात होता, त्यामुळे आम्ही थंडी वाजणाऱ्या प्रवाशांसारखे दिसत असणार. अनोळखी कुत्र्याला आधी जरा लांबूनच थोपटावं तसं मी माझ्या दंडांना थोपटलं. मग त्यांनी गृहपाठ दिला. रोज आरशासमोर उभं राहून स्वतःला स्वतःबद्दलची एक चांगली गोष्ट मोठ्याने सांगायची. जवळच्या मैत्रिणीला सांगाल तशी.

मी शाळेत कधी गृहपाठ चुकवला नाही, त्यामुळे हाही केला. आमच्याकडे आरसा बाथरूममध्ये आहे. दार लावून घेतलं आणि बराच वेळ स्वतःकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, “तुझे कान स्वच्छ असतात.”

बाहेरून आई म्हणाली, “आत कोण आहे गं?”

“मीच.”

“मग कान कोणाचे बघतेस?”

गृहपाठ तिथेच संपला.

तर फ्लेक्स. त्या संध्याकाळी मी हिंमत करून सेक्रेटरी काकांना गाठलं. ते मंडळाच्या ऑफिसात पंख्याखाली बसून कलिंगड खात होते. मी येताना मनात पूर्ण वाक्य तयार केलं होतं: काका, ती बातमी खरी नाहीये, कृपया तो फ्लेक्स काढाल का?

“बोल बाळा,” काका म्हणाले. “बघितलास ना?”

“हो काका. थँक यू. पण तो फ्लेक्स जरा...”

“लहान झाला.”

“नाही, म्हणजे तसं नाही. तो...”

“लहानच झाला. मी पोरांना बोललोच होतो. एवढी मोठी पोस्ट आणि हे लावलंय टॉवेलाएवढं. तू लाजून बोलत नाहीस, ते कळतं मला. तू घरी जा.”

मी घरी गेले. शनिवारी सकाळी मागच्या गेटवर दुसरा फ्लेक्स लागला, पहिल्याच्या दुप्पट. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा चाळीतल्यांना एक विंग मिळाली आणि विकत घेणाऱ्यांना दुसरी. मागचं गेट त्या दुसऱ्या विंगचं. तिथल्या लोकांनी मला कधी पाहिलंही नसेल. आता एका मोकळ्या हातासकट माझं तोंड त्यांच्या गाड्यांच्या वाटेवर होतं, आणि या वेळी आजोबाही मोठे झाले होते.

त्यानंतर मी बाहेर निघताना ओढणी डोक्यावरून घेऊ लागले. पण त्याची गरज नव्हती, कारण कुणी मला ओळखत नव्हतं. पुढच्या गेटवर एक नवे वॉचमन आले होते, साताऱ्याकडचे. दिवसभर ते माझ्या फ्लेक्सखाली खुर्ची टाकून बसायचे. शनिवारी मी दूध घेऊन परतले तर त्यांनी विचारलं, “कोणाकडे जायचंय?”

“मी इथेच राहते.”

“कधी दिसला नाहीत ताई.”

मी वर फ्लेक्सकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं आणि अभिमानाने म्हणाले, “या आपल्या बिल्डिंगच्या मॅडम. मॅनेजर आहेत.”

तिथे ‘ती मीच’ म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, “हो का? कशा आहेत?”

“चांगल्या आहेत. मी रोज बघतो ना. साध्या आहेत एकदम. हसून असतात.”

“तो हात कोणाचा?”

वॉचमनकाकांनी मान वर करून हात नीट न्याहाळला. “असेल घरातल्या कोणाचा,” ते म्हणाले. “पाठीशी माणूस लागतंच.”

मी लिफ्टमध्ये शिरले. माझ्याबद्दल इतकं बरं बोलणारं माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं, आणि ते माझ्याबद्दल बोलत नव्हतं.

रविवारी दुपारी पुढच्या गेटवरच्या फ्लेक्सची एका कोपऱ्याची दोरी सुटली. मी गॅलरीतून पाहिलं. वारा आला की तो कोपरा उडून माझ्या गालावर आपटत होता. फट्. थोडं थांबून पुन्हा फट्. गल्लीतून माणसं जात-येत होती आणि कुणालाही काही वाटत नव्हतं. वॉचमनकाका जेवायला गेले होते. तेवढ्यात एक कबुतर वर येऊन बसलं आणि त्याने तिच्या उजव्या डोळ्यावर घाण केली.

‘तिच्या’ असं मी लिहिलं, कारण तेव्हा मनात तेच आलं. आणि मला भयंकर राग आला. लग्नाच्या गडबडीत हसताना पकडलेली एक साधी मुलगी. तिने कुणाचं काय वाईट केलं होतं? तिने स्वतःला तिथे लावा असं थोडंच सांगितलं होतं?

मी स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल, ओलं फडकं आणि माझा केसांचा रबर घेऊन खाली गेले. स्टूल गेटला टेकवून वर चढले. सुटलेला कोपरा रबराने गजाला बांधला. मग डोळा पुसायला घेतला. ते सुकलं होतं, पटकन निघेना.

“थांब हं,” मी म्हणाले. “झालं. एवढंच राहिलंय. जोरात नाही घासत.”

हे मी मोठ्याने म्हणत होते. एका मावशींनी भाजीच्या पिशव्या खाली ठेवून पाहिलं आणि पुन्हा उचलून निघाल्या. मी थांबले नाही. गाल पुसला, कपाळ पुसलं, हाताशी होतं म्हणून आजोबांनाही पुसलं. वरून आईचा आवाज आला, “स्वतःच्या फोटोला आंघोळ घालतेय ही! अहो, बघा तरी!”

स्टुलावरून उतरताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली.

मी स्वतःला रागावते ते इंग्रजीत. डबा विसरला, शब्द अडखळला, कुणाच्या बोलण्यावर उशिरा हसले की आत लगेच सुरू होतं, ‘व्हॉट इज राँग विथ यू?’ आवाज शाळेतल्या वर्गाचा, फळ्यासमोर उभं केल्याचा. शाळेत आम्हाला तसं बोलायचे आणि मी हुशार मुलगी असल्यामुळे ते पाठ केलं. त्या भाषेत स्वतःला गोंजारायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आरशासमोर मी नेमक्या त्याच भाषेतून विचार करत उभी होते. फ्लेक्सशी मात्र मी मराठीत बोलले होते. ताप आला की आई कपाळावर पट्टी ठेवते तेव्हा बोलते तसं. थांब हं, झालं.

यामुळे माझ्यात मोठा बदल झाला वगैरे काही नाही. त्या संध्याकाळी आमटीत मीठ दोनदा पडलं तेव्हा मी स्वतःला इंग्रजीत भरपूर ऐकवलं. पण त्या आठवड्यात मी रोज ऑफिसला जाताना फ्लेक्सकडे बघून जायला लागले. दोऱ्या नीट आहेत का. ऊन फार लागतंय का. एकदा तर छत्री आठवली, पण मी स्वतःला आवरलं.

पुढच्या सोमवारी मॅडम परत येणार होत्या. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, पुढच्या गेटवर मी नव्हते. माझ्या जागी खजिनदारांच्या मुलाचा पहिला वाढदिवस लागला होता. बाळाच्या डोळ्यांवर काळा गॉगल, मागे सिंह. मी मागच्या गेटला धावले. तिथेही तोच सिंह, दुप्पट.

काका खालीच होते. “काका, माझा फ्लेक्स?”

“झाले की दहा दिवस! आणखी ठेवला असता, पण बाळाचं आहे ना.”

“पण तो गेला कुठे?”

“लहानवाला पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरवर घातलाय. मोठा तुमच्या शेजारच्या काकींनी गच्चीवर नेला. चांगलं जाड कापड आहे. वाया नाही घालवत आपण काही.”

मी गच्चीवर गेले. एप्रिल संपत आला की आमच्याकडे बायका मिरची गल्लीतून वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या आणतात, देठं काढून उन्हात वाळवतात आणि डंकावर कुटायला देतात. कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत लाल मिरच्या पसरल्या होत्या आणि त्यांच्याखाली मी होते. नाकापर्यंत बेडगी, गळ्यावर संकेश्वरी. डोळे उघडे, थेट आभाळाकडे बघत, आणि मिरच्यांच्या फटीतून ओठांच्या कोपऱ्यातलं हसू दिसत होतं. शेजारच्या काकी कडेला पाय पसरून देठं काढत बसल्या होत्या. त्या मालवणच्या. इथे जन्म गेला तरी घरात मालवणीच बोलतात.

“इलंस? बस,” काकी म्हणाल्या. “तुझ्या तोंडार मिरशांगो घातलंय, राग मानू नको हां. कापड बरा आसा.”

“नाही काकी, राग कसला?”

“नुसती बसा नको. देठां काढूक लाग.”

मी बसले. थोडा वेळ आम्ही दोघी देठं काढत होतो. मग काकी म्हणाल्या, “मगे, साहेबीण झालंस. आता आमका वळख देतलंस मा?”

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मी नाही म्हटलं की हे सगळं खोटं ठरणार होतं, आणि मिरच्यांच्या वासाने डोक्यात काहीतरी मोकळं होत होतं.

“काकी, मी अजून झाले नाहीये. नुसतं विचारलंय. मी उद्या नाही म्हणून सांगणार आहे.”

काकींचे हात थांबले नाहीत. “कित्याक?”

“मला जमणार नाही.”

“कित्याक जमाचा नाय?”

कारणं माझ्याकडे तयार होती. गेले दहा दिवस ती मी रोज मनात घोटली होती. मला चारचौघांत बोलता येत नाही. माझं कुणी ऐकत नाही. मी लोकांसमोर दगड होते. मी तोंड उघडलं, आणि समोर ती होती. मिरच्यांमधून डोळे वर करून, हसत. ती सगळं ऐकत असल्यासारखी.

माझ्याने बोलवेना. माणूस समोर असताना त्याच्याबद्दल असं कसं बोलायचं? ज्याचा डोळा आपण फडक्याने पुसलाय, त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं की हिचं काही खरं नाही, हिच्याकडे कुणी बघत नाही, ही मध्येच बंद पडते? इतकी वर्षं मी हे रोज बोलत आले होते, पण ती कधी अशी पुढ्यात बसलेली नव्हती.

“सांग मगे,” काकी म्हणाल्या. “आयकतंय मी.”

मला खोकला आला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“तिकट लागला,” काकी म्हणाल्या. “डोळ्यांक हात लावू नको. हातार मिरशांग आसा. वाऱ्याच्या तोंडाक रव.”

मी कठड्याजवळ वाऱ्याला तोंड करून उभी राहिले. पलीकडे करी रोडच्या बाजूला नवे टॉवर, मधे क्रेन. डोळ्यांची आग थांबेपर्यंत मी तिथेच होते. मग परत येऊन बसले.

“मी बोलते पण हळू,” मी म्हणाले. हे कारण म्हणून सांगायचं होतं, पण निघालं ते साध्या माहितीसारखं.

“हळू बोल मगे,” काकी म्हणाल्या, आणि त्यांचं सगळं लक्ष एका बुरशी आलेल्या मिरचीकडे गेलं. “ह्यो बघ. फशयलान माका मेल्यान.”

पुढचा अर्धा तास आम्ही मिरचीवाल्याला नावं ठेवली. त्या बाबतीत मी चांगली बोलले.

सोमवारी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. हो कसं म्हणायचं याची मी काहीच तयारी केली नव्हती. तयारी सगळी ‘नाही’ची होती. मी म्हणाले, “मॅम, मी करीन. लीड.” आवाज शेवटच्या शब्दावर उतरला. मॅडमचा फोन त्याच वेळी वाजला. त्यांनी तो बंद केला आणि म्हणाल्या, “सॉरी, काय म्हणालीस?”

अशा वेळी मी ‘काही नाही’ म्हणते. पाय दाराकडे वळलेही होते.

“मी लीड करीन म्हणाले,” मी म्हणाले. “मी मीटिंगमध्ये हळू बोलते. मधे कुणी बोललं तर त्यांना थांबवायला मला थोडी मदत लागेल, सुरुवातीला.”

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “थांबवू.”

एवढंच झालं. बाहेर येऊन मी टेबलाशी बसले आणि वाट पाहू लागले, कारण आता आतल्या आवाजाची वेळ होती. तो आला. ‘यू साउंडेड सो...’ असं काहीतरी सुरू झालं. मी त्याला म्हणाले, थांब हं. तो थांबला नाही, पण माझं वाक्य पूर्ण झालं.

दुपारी पँट्रीत मायक्रोवेव्हपुढे रांग होती. मी एरवी मागे सरकत राहते, कुणाला मीटिंग असते, कुणाला घाई असते, आणि शेवटी थंड भात खाते. त्या दिवशी मागून एकाने विचारलं, “मी पटकन आधी लावू का? मला कॉल आहे.”

“माझ्यानंतर लाव,” मी म्हणाले, हळूच. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. मग मी डबा आत ठेवला, दार लावलं, आणि भात गरम होईपर्यंत तिथेच उभी राहिले.